अक्षराची रुंदी

दुकानावरच्या पाटीत मराठी किती मोठी असावी, याविषयी महाराष्ट्रात कायदा आहे. 2022 साली दुकाने व आस्थापना अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे दहांहून कमी नोकर असलेल्या लहान दुकानांसही मराठी पाटी सक्तीची झाली. पाटीची सुरुवात देवनागरीतील मराठीने व्हावी आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे हा कायदा सांगतो. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत दिली आणि गावोगाव पाट्या बदलण्याची एकच धांदल उडाली. आमच्या वाघोलीतही उडाली. 2021 साली आमचे गाव पुणे महानगरपालिकेत गेले. तेव्हापासून महापालिकेचे नियम व आमचा जुना नगर रस्ता यांचा संसार एकत्रच चालू आहे.

त्या धांदलीत एक गंमत माझ्या ध्यानात आली. अक्षराचा 'आकार' म्हणजे काय, असे कोणी विचारलेच नाही. सर्वांनी गृहीत धरले की आकार म्हणजे उंची. मग कित्येक हुशार दुकानदारांनी इंग्रजी नाव ऐसपैस लिहिले, आणि मराठी नाव तेवढ्याच उंचीचे पण काडीसारखे आखडून पाटीच्या डाव्या कोपऱ्यात उभे केले. पट्टी लावून पाहाल तर कायदा पाळलेला आहे. रस्त्याच्या पलीकडून पाहाल तर मराठी वाचता येत नाही. उंची मोजणाऱ्या कायद्यातून रुंदी निसटली ती अशी.

आज बोलायचे आहे ते या निसटलेल्या रुंदीविषयी. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्याने पोटासाठी खिळे जुळवले आहेत, त्याला तो किरकोळ वाटत नाही, आणि का ते पुढे येईलच.

प्रथम जुनी हकीकत पाहू. हाताने लिहिणाऱ्याला रुंदीचा प्रश्न कधी पडलाच नाही. बोरूचे टोक जेवढे रुंद कापले, तेवढी अक्षराची काठी जाड. आणि ओळ संपत आली की लेखक शेवटची दोन अक्षरे जरा आवळून घेई. मोडी लिहिणारा कारकून तर आधी कागदावर आडवी रेघ ओढून टाकी आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. पोथी काय, दप्तर काय, अक्षर शेजारच्या अक्षराकडे पाहून आपली जागा ठरवी. नाना फडणविसांच्या काळी पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला. नाना 1800 साली वारले. पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली ती गीता छापून निघाली. तांब्यावर कोरलेले हे अक्षरही पोथीच्या अक्षरासारखेच मोकळे, कारण सबंध पान एकदमच कोरायचे. 1831 साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. तिथेही तोच प्रकार. दगडावर लिहिणारा माणूसच होता.

खिळा आला आणि हे सगळे पालटले. शिशाचा खिळा म्हणजे अक्षराला बांधलेले घर. त्या घराची रुंदी एकदा ठरली की ती 'र'ने ओलांडायची नाही आणि 'क्ष'नेही ओलांडायची नाही. रोमन लिपीला हे सोयीचे पडते, कारण तिची अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून शिरोरेषा जाते. दोन घरांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी ती रेषा तुटते. वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, मधे जोडाक्षरे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम दोन केसींत भागे, तेथे मराठी जुळाऱ्याला चार चार केसी लागत आणि खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत.

अमेरिकन मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने मराठी खिळे सुबक केले. त्याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर एक मुलगा होता, त्याचे नाव जावजी दादाजी. पुढे 1864 साली त्याने स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला, 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू या कारागिराने कोरलेल्या निर्णयसागरी अक्षराने सबंध हिंदुस्थानात संस्कृत ग्रंथ वाचले जाऊ लागले. टाइप घासणारा मुलगा! आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतून हे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके येत नाही, आणि आरूचे तर येतच नाही म्हटले तरी चालेल. ज्याने ठसा कोरला त्याने 'ध' किती रुंद असावा हे ठरवले, आणि आपण सव्वाशे-दीडशे वर्षे ते मुकाट्याने वाचत आलो. पंडितांच्या समितीने काही तो आकडा ठरवला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापीत. मराठी वृत्तपत्राच्या पहिल्याच दिवशी दोन लिप्यांना एका कागदावर जागा वाटून देण्याचा प्रसंग आला होता. आज महामार्गावरच्या निळ्या-हिरव्या पाटीवर तोच प्रसंग रोज येतो.

यंत्रे आली तेव्हा रुंदीचा जाच वाढला. मोनोटाइप यंत्रात सर्वांत रुंद अक्षराचे अठरा भाग धरीत आणि प्रत्येक अक्षराला त्यांपैकी पूर्ण भागच मिळत: कोणाला सहा, कोणाला नऊ, कोणाला बारा. साडेनऊ कोणालाच नाही. शिवाय मातृकांच्या चौकटीत पंधरा ओळी, आणि एका ओळीतील सर्व अक्षरे एकाच रुंदीची असावी लागत. इंग्लंडात रोमन अक्षरांसाठी बसवलेल्या या हिशेबात देवनागरी कोंबावी लागली. लायनोटाइपच्या पेटीत नव्वद नळ्या, त्यांत आमची बाराखडी मावेना. टंकलेखन यंत्राची कथा तर याहून सोपी: कळ दाबली की गाडा ठराविक एकच पाऊल सरके, मग 'र' असो की 'क'. कचेरीतील जुने टंकलिखित कागद काढून पाहा. 'र'च्या भोवती मोकळे मैदान आणि 'क' बिचारा चेंगरलेला दिसेल.

लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी केलेली खटपट, डॉ. शंकर आबाजी भिसे यांनी लंडनला जाऊन काढलेले टाइप पाडण्याचे यंत्र, सावरकरांची 'अ'ची बाराखडी, 1953 सालची लखनौची लिपिसुधारणा परिषद, ही सारी मंडळी या एकाच भिंतीवर डोके आपटीत होती. यंत्राला लिपीजोगे करावे की लिपीला यंत्राजोगी करावी, हा तो वाद. लखनौला ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचे ठरले, आणि चार वर्षांत ती पुन्हा डावीकडे आली. लोकांचे डोळे यंत्राहून हट्टी निघाले, हे मला तरी बरे वाटते.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी पंधराव्या वर्षी, 1980 नंतरच्या दशकात, पुण्यातील एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवावयास लागलो. शाळा तेथेच सुटली. पुढे जे काही शिकलो ते उलट्या अक्षरांवरून. मजुरी पानावर होती. एकदा मालकाने कागद वाचावा म्हणून अरुंद चेहऱ्याचा टाइप आणला. पान तेवढेच, दर तोच, पण पानात अक्षरे बसू लागली जवळजवळ सव्वापट. म्हणजे आमचे हात सव्वापट चालू लागले आणि पाकीट होते तेवढेच राहिले. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा उत्तर मिळाले की तुमचे पान वाढले आहे काय? पान वाढले नव्हते. हा हिशेब कोणालाही समजावून सांगता येईना, कारण रुंदी हे माप मजुरीच्या कागदावर नव्हतेच.

नंतर वाचता वाचता कळले की लंडनच्या जुळाऱ्यांनी हाच प्रश्न कितीतरी आधी सोडवला होता. त्यांची मजुरी हजार अक्षरमापांवर असे, आणि ज्या टाइपाची वर्णमाला एका ओळीत मांडली असता ठराविक मापाहून आखूड भरे, त्या टाइपाला दर हजारी जादा पैसे द्यावे लागत. अक्षराची रुंदी ही तेथे दरपत्रकात छापलेली बाब होती. अक्षर कोणी आखडले की वाचलेला पैसा कोणाच्या तरी खिशात जातो आणि त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. छापखान्यात तो भार जुळाऱ्याच्या बोटांवर पडला. रस्त्यावर तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

तेव्हा रस्त्यावर येऊ.

हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार एकत्रितपणे व्हावा, यासाठी 1927 साली जी समिती नेमली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते; तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. रस्त्यावरच्या अक्षरांची व अंकांची मापे तिने 1968 साली एका पुस्तिकेत घालून दिली आणि पाट्यांविषयीचा नियमसंग्रह 1977 मध्ये काढला. पुढे तो वेळोवेळी सुधारला. राष्ट्रीय महामार्गावर सामान्यतः राज्याची भाषा, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही असतात. मराठी व हिंदी दोहोंची लिपी एकच, पण 'ल' आणि 'श' यांची वळणे वेगळी. मराठीचा 'ल' पाकळीचा व 'श' देठाचा असावा, असे महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात स्पष्ट सांगितले आहे. तरी पाटी करणारा एकच अक्षर दोन्ही ओळींत वापरून मोकळा होतो.

परदेशांत या रुंदीवर केवढे रणकंदन झाले! अमेरिकेत रस्त्यावरच्या अक्षरांच्या मालिकांना ए पासून एफ पर्यंत नावे आहेत, ती केवळ रुंदीवरून: ए सर्वांत चिंचोळी, एफ सर्वांत ऐसपैस. ए इतकी वाचण्यास कठीण निघाली की ती वापरातून काढून टाकली. जर्मनीच्या 1936 सालच्या मानकात अरुंद, मध्यम व रुंद अशी तीन अक्षरे होती. लांबलचक गावनावांसाठी अरुंद, एरवी मध्यम. रुंद अक्षर मात्र फारसे कोणी वापरले नाही, कारण पत्रा महाग. अक्षर रुंद करा, ते लांबून वाचता येते. पण पाटी वाढते, खांब वाढतो, खर्च वाढतो. सर्व वादाचे मूळ एवढेच आहे.

इंग्लंडातली हकीकत मला फार आवडते. तेथे नव्या मोटार रस्त्यांसाठी जॉक किनेर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी साधी, बिनकोपऱ्याची, लहान-मोठ्या लिपीतली अक्षरे काढली. डेव्हिड किंडर्स्ली नावाचा दगडावर अक्षरे कोरणारा नामांकित कारागीर उठला आणि म्हणाला की यापेक्षा माझी टोकदार मोठी अक्षरे कमी जागेत बसतील आणि तितक्याच लांबून दिसतील. भांडण मिटवण्यासाठी ऑक्सफर्डशायरमधील बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेतली. हवाई दलाचे जवान मांडवात बसवले, आणि पाटी डोक्यावर घेतलेली मोटार त्यांच्याकडे हाकली. किंडर्स्लीची अक्षरे किंचित अंतराने सरस ठरली! तरीसुद्धा समितीने किनेरचीच घेतली, आणि 1 जानेवारी 1965 पासून ती रस्त्यावर आली. कारागिराला हरवले ते सौंदर्याच्या मताने, मोजमापाने नव्हे. मला किंडर्स्लीविषयी सहानुभूती वाटते हे लपवीत नाही.

पण किनेरने एक गोष्ट मोठी केली. प्रत्येक अक्षर त्याने एका काल्पनिक फरशीवर बसवले, दोहो बाजूंची मोकळी जागा त्या फरशीतच धरली. फरशीला फरशी लावीत गेले की गावातल्या कोणत्याही कामगाराकडून अंतर बरोबर पडावे. म्हणजे आपला शिशाचा खिळाच तो, पत्र्यावर आलेला.

अमेरिकेत 2004 साली क्लिअरव्ह्यू नावाचे नवे अक्षर आले, त्याच्या पोकळ्या अधिक मोकळ्या होत्या. 2016 साली सरकारने परवानगी काढून घेतली आणि 2018 साली परत दिली. असा तो घोळ. परंतु त्यांच्या एका नियमाकडे मी आपले लक्ष वेधतो. एक इंच उंचीचे अक्षर 50 फुटांवरून वाचता येते, असे ते पूर्वी धरीत. वयस्क चालकांच्या डोळ्यांचा विचार करून पुढे ते 40 फुटांवर व मग 30 फुटांवर आणले. हिशेब करून पाहा. सहा इंची अक्षर 30 फुटांच्या हिशेबाने 180 फुटांवरून, म्हणजे सुमारे 55 मीटरवरून वाचता येईल. ताशी 60 किलोमीटरने जाणारे वाहन हे अंतर सव्वातीन सेकंदांत तोडते. तेवढ्यात नाव वाचायचे, वळायचे की नाही ते ठरवायचे आणि मागून येणाऱ्या डंपरचा अंदाजही घ्यायचा.

हे सर्व आकडे रोमन अक्षरांचे आहेत. देवनागरीचे गणित निराळे आहे, आणि ते समजावयास आमच्या नगर रस्त्यासारखी शाळा नाही. येरवड्याहून निघा. आधी खराडी लागते: 'ख'चे दोन भाग जरा दूर गेले की 'रवराडी' वाचले जाते. मग वाघोली: 'घ' आखडला की 'ध'. वाघोलीहून थेऊरकडे वळावयाचे असेल तर 'थ'ची गाठ बुजून 'य' होण्याची भीती. पुढे लोणीकंद, पेरणे, आणि मग कोरेगाव भीमा, तेथे 'भ' आणि 'म' यांत अंतर ते काय, एका घुंडीचे. हिंदीच्या मानक लिपीत 'ख'चे पाय जोडले आणि 'भ', 'ध' यांना घुंडी दिली ती याच कारणाने. रोमन अक्षर आवळले तर ते कुरूप होते. देवनागरी अक्षर आवळले तर ते दुसरेच अक्षर होते. आमच्या अक्षराची ओळख त्याच्या पोटातल्या पोकळीत आहे आणि रुंदी कमी केली की आधी पोकळीच मरते.

जुना पेंटर हे जाणत असे. तो सुताला खडू लावून शिरोरेषेची रेघ मारी, नाव बोटांनी मोजी, आणि जागा कमी असली तर 'र', 'ा', 'ी' यांच्यातून जागा काढी. 'घ'ला हात लावीत नसे. ब्रशाची जाडी सर्वत्र तीच राही. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरे हवी तशी ताणली, पण पोकळी कुठे राखायची ते त्यांना ठाऊक होते. फ्लेक्स आला आणि पेंटर घरी बसला. आता संगणकावर नावाचा कोपरा धरून ओढतात. त्याने काय होते? उभ्या काठ्या बारीक होतात, शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते, आणि पोकळ्या चिरेसारख्या होतात. हे अरुंद अक्षर नव्हे. हे दाबलेले अक्षर आहे. दोहोंतला फरक निविदेच्या कागदावर लिहिलेला नसतो.

गावांची नावे बदलली की हा प्रश्न आणखी बोचतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावांच्या वादात मी शिरत नाही. मी पत्र्याची रुंदी पाहतो. जेथे 'औरंगाबाद' ही पाच अक्षरे मावत होती, त्याच पत्र्यावर आता दोन शब्द मांडायचे आहेत. एक तर दोन ओळी करा, नाही तर मोठा पत्रा घ्या. तिसरा मार्ग म्हणजे कोपरा धरून ओढणे, आणि तो फुकट आहे.

साधने नाहीत अशी सबब आता चालण्यासारखी नाही. 'मंगल' हे संगणकावरचे देवनागरी अक्षर र. कृ. जोशी यांनी काढले. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो 1971 मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. मुंबईच्या 'एक टाइप' या तरुण मंडळींनी 2022 साली 'अनेक' नावाचे अक्षर खुले केले; त्यात रोमनसकट कित्येक भारतीय लिप्या आहेत आणि प्रत्येक लिपी अरुंदापासून रुंदापर्यंत हवी तेवढी सरकवता येते. रुंदी बदलली तरी काठीची जाडी व पोकळी सांभाळून घेतलेली असते. पेंटर जे ब्रशाने करीत होता तेच हे आहे. शिवाय ते विनामूल्य आहे, तेव्हा खर्चाचे कारणही सांगता येणार नाही.

माझ्या संघटनेतील बहुतेक माणसे वाहनांवर आहेत. खाणीतली खडी वाहणारे आहेत, मालट्रकवाले आहेत. कोणी मराठवाड्याचा, कोणी विदर्भाचा, कोणी बिहारचा. त्यांच्यातले कित्येक जण अक्षर लावून लावून वाचतात. शिकलेला माणूस शब्दाची बाह्याकृती पाहून अर्धे नाव अंदाजाने वाचतो. ज्याचे शिक्षण अर्ध्यावर सुटले तो प्रत्येक अक्षराच्या पोटात डोकावतो. 'घ' की 'ध' हा प्रश्न त्याला खरोखर पडतो, आणि तो सव्वातीन सेकंदांत पडतो. नेमका हाच माणूस पाटीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. ज्याच्या हातात नकाशा दाखवणारा दूरध्वनी आहे, त्याला पाटीची गरज कमीच.

म्हणून माझी सूचना अशी आहे की बेन्सनचा प्रयोग केसनंद फाट्यावर करावा. त्याला विमानतळ लागत नाही. रविवारी सकाळी एखादा मोकळा रस्ता, पंचवीस चालक आणि एकाच उंचीच्या तीन पाट्या पुरेत: एक दाबलेल्या अक्षराची, एक मुळातच अरुंद काढलेल्या अक्षराची, एक रुंद अक्षराची. नावे खराडी, वाघोली, थेऊर, कोरेगाव भीमा हीच घ्यावी. कोणाला कोणते नाव किती पावलांवरून वाचता आले ते वहीत मांडावे, आणि ती वही महापालिकेच्या पथ विभागाकडे व सार्वजनिक बांधकाम खात्याकडे न्यावी. चालक मी आणतो. पाट्या रंगवावयास दोन जुने पेंटर वाघोलीतच आहेत, आणि सुताला लावायचा खडू त्यांच्याकडे अजून आहे.